शिक्क्यांच्या पोटातली माती

नलूताई, आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि ते थांबलं तेव्हा मी हार मानलेली नव्हती, ही गोष्ट मला अजिबात आवडलेली नाही. भांडणात जिंकायचं तुम्ही, असा आपला रिवाज. गाडी कुठल्या झाडाखाली लावायची इथपासून गोळाभातावर तेल किती ओतायचं इथपर्यंत. हे एकच भांडण मी वर्षानुवर्षं ताणलं. तुम्ही गेल्यापासून लोक मला विचारतात, तुम्ही दोघं शनिवारी त्या कॉलेजात बसून एवढे कशावरून भांडायचात? मी हसून सोडून देतो. आज सोडणार नाही.

मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहा असं मला सांगितलंय. म्हणजे नागपूरला इतिहास शिकवायच्या, लग्न होऊन अमेरिकेत आल्या, चँडलरमधल्या प्रत्येक नव्या मराठी घराला पहिला डबा त्यांचा, असं. ते सगळं खरं आहे आणि ते दुसरं कुणीही माझ्यापेक्षा बरं लिहील. मला फक्त शिक्क्यांबद्दल बोलता येईल. वाचणाऱ्यांना आधी थोडं समजावून सांगावं लागेल, तेवढं चालवून घ्या.

मला तुम्ही समजावलंत ती दुपार जूनमधली होती. बाहेर अंगणातल्या लिंबाची पानंसुद्धा उन्हाने कडेला वळलेली. तुम्ही पोळ्या लाटत होतात आणि मी, शेजारधर्म म्हणून, तुमचा बंद पडलेला लॅपटॉप उघडून बसलो होतो. मी विचारलं, "ताई, त्या कॉलेजात तुम्ही व्हॉलंटिअर म्हणून नक्की करता काय?" तुम्ही कणकेची एक गोळी तोडलीत, सुईदोऱ्यातला दोरा तिच्यातून आरपार ओवलात, पर्समधून दोन क्वार्टर काढलेत आणि त्या दोन नाण्यांच्या मध्ये गोळी दाबलीत.

"हे शिसं आहे असं समज. आणि नाण्यांच्या जागी सांडशी. दोन्ही जबड्यांत उलटी अक्षरं कोरलेली. एकीकडे साहेबाचं नाव नि हुद्दा, दुसरीकडे त्याचा आवडता संत. पत्राची घडी, घडीला दोरा, दोऱ्याची टोकं शिशाच्या पोटातून, आणि दे दाबून. झालं शिक्कामोर्तब."

"मग पत्र उघडायचं कसं?"

"दोरा तोडायचा. पत्र ठेवायचं, शिसं फेकायचं. आता हजार वर्षं गेली. पत्र कुजलं, दोरा कुजला, वाचणारा मेला. शिसं तेवढं राहिलं. कुठे राहिलं असेल, सांग बरं?"

"ज्याने लिहिलं त्याच्याकडे."

"अरे बाप्पा! इंजिनिअर ना तू? मी तुला पत्र धाडलं तर पाकीट कोणाच्या घरी पडते?"

तेव्हा मला ते उलगडलं. शिक्का ज्या मातीत सापडतो, तिथे पत्र पोचलेलं असतं. बायझंटाइन साम्राज्याची, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधून चालणाऱ्या त्या मध्ययुगातल्या राज्याची, मोठमोठी बखरवजा पुस्तकं आहेत, पण ती सगळी राजधानीत बसून लिहिलेली. दूरच्या जिल्ह्यात कोण होतं, त्यांना कोण लिहायचं, कोणाचा हुकूम तिथपर्यंत चालायचा, हे त्यांत नसतं. ते शिशात असतं. "राजधानीवाल्यांना जिल्हे दिसत नाहीत," तुम्ही म्हणालात, आणि पोळी उलटताना माझ्याकडे बघून, "पुण्याच्या माणसाला सांगून काय उपयोग म्हणा."

कॉलेजच्या संग्रहात शिक्क्यांचा एक बिस्किटाचा डबा होता. कुणा अमेरिकन इंजिनिअरने तुर्कस्तानात नोकरीवर असताना एका बाजारात तो डब्यासकट विकत घेतला होता. तो गेल्यावर त्याच्या बायकोने कॉलेजला देऊन टाकला. पन्नास-साठ शिक्के, चिल्लर नाण्यांएवढे, राखाडी, मळलेले. कुठले, माहीत नाही. नोंदवहीत नुसतं 'बाजारातून'. तुमचे यजमान, आमचे काका, गेल्यानंतर तुम्ही त्या डब्याला धरून बसलात. ग्रीक अक्षरं शिकलात, तीही त्या वयात, मोबाइलवर व्हिडिओ बघून. मला मात्र त्यात तुमच्या एका प्रश्नाने ओढलं.

"तुझ्या फॅबमध्ये, त्या चिपच्या कारखान्यात, एक्स-रे मशीन आहे ना रे? एकदा हे आत टाकून बघतोस का, पुसलेली अक्षरं दिसतील."

"ताई, एक्स-रे अडवायला शिसंच लावतात."

तुम्ही ओढणी तोंडाशी धरून हसत राहिलात. मेगन, तिथली तरुण क्युरेटर, आपल्या खोलीतून उठून बघायला आली, काय झालं म्हणून. मग मी म्हणालो, एक्स-रे नको, पण मी रोज मेलेल्या चिप्स तपासतो, तिरपा उजेड टाकून फोटो काढले तर झिजलेलं उठून दिसतं. "मेलेल्या तपासतोस? म्हणजे तूही आमच्याच धंद्यातला," तुम्ही म्हणालात. त्या दिवसापासून शनिवार ठरले.

आता ते सांगतो.

त्या पहिल्या वर्षी तुमच्या लेकीचं, रेवाचं, ग्रॅज्युएशन होतं, तुम्ही दहा-बारा दिवस नव्हतात. मला म्हणाला होतात, फोटोपुरते हलक्या ब्रशने झटकून ठेव. मी माणूस कसा, तुम्हाला माहीत आहे. रोज पांढरा झगा चढवून, डोळे सोडून सगळं झाकून, धुळीचा एक कण दिसला तर काम थांबवणाऱ्या जागेत नोकरी करतो. ब्रशने माझं समाधान होईना. प्रत्येक शिक्क्याच्या पोटातून ते दोऱ्याचं भोक गेलेलं, आणि त्यात माती घट्ट बसलेली. मी ग्रिलच्या बांबूच्या काड्या आणल्या. डिस्टिल्ड वॉटर आणलं. एकेक भोक ओलं करून काडीने ढकललं की दुसऱ्या बाजूने मातीची बारीकशी वळी बाहेर यायची, तांबूस रंगाची. खोटं कशाला बोलू, मला फार मजा आली. सगळ्या शिक्क्यांची भोकं मी अशी आरपार केली, आणि वळ्या सिंकमध्ये सोडून वर नळ सोडला. पाच मिनिटांत सिंक स्वच्छ.

तुम्ही परत आलात, शिक्के बघितलेत आणि खूश झालात. एक उचलून डोळ्याला लावलात आणि त्यातून माझ्याकडे बघितलंत. मीही हसलो.

पुढे काही महिन्यांनी तुमच्या डोक्यात ती कल्पना आली. तुमचं म्हणणं असं की हे सगळे शिक्के एकाच ठिकाणचे. कुणा शेतकऱ्याच्या नांगराला एका जागी लागले आणि त्याने एका फटक्यात बाजारात आणून विकले. तसं असेल तर तो डबा म्हणजे एका हरवलेल्या गावाचं टपाल. जकातवाल्याने काय, बिशपने काय, सेनापतीने काय, कुणी कुणी त्या गावाला पत्रं लिहिली, ते सगळं आपल्या टेबलावर. ज्याचं नाव कुठल्याही पुस्तकात उरलेलं नाही अशा एका भागाचा इतिहास. आणि ते वेगवेगळ्या ठिकाणचे, बाजारात एकत्र पडलेले असतील, तर तो नुसता डबा. सुंदर, पण मुका. तुमचं सगळं या एका प्रश्नावर उभं होतं.

तुम्ही गाडीत बसता बसता सहज म्हणालात, "मिलिंद, तू झटकलेस तेव्हा भोकांत माती असेल ना रे? ती तपासता येते म्हणे. सगळ्यांत एकच माती निघाली तर झालंच आपलं काम."

मी आरशात बघत गाडी मागे घेत होतो. म्हणालो, "नव्हती फारशी."

'फारशी'. तो शब्द मी का जोडला कोण जाणे. नुसतं 'नव्हती' म्हणायला जीभ वळली नसेल. तुम्ही "अरेरे" म्हणालात आणि पट्टा लावलात. पुढच्या सिग्नलला आपण भोपळ्याच्या घाऱ्यांबद्दल बोलत होतो.

त्या दिवसापासून मी तुमच्या विरुद्ध पक्षात गेलो. याचं मला आता नवल वाटतं. म्हणजे पुरावा बघून नाही, तर असं, की शिक्के बाजारातले मिसळलेले असतील तर त्या मातीला काही किंमत नव्हती. मी धुतलं ते नुसतं धुणं. तुमचं खरं असेल तर मात्र मी एक अख्खं गाव सिंकमधून सोडून दिलं. तेव्हा तुमचं खरं नसलेलं बरं! मी किती मुद्दे काढले! बाजारातले व्यापारी ढीग एकत्र करतात. शिशाचे रंग वेगळे आहेत. दोन शिक्क्यांच्या काळात शंभर वर्षांचं अंतर आहे. तुम्ही प्रत्येक मुद्द्याला शांतपणे उत्तर द्यायचात, आणि मी पुढच्या शनिवारी नवा घेऊन यायचो. मेगनला वाटायचं, काय मस्त जुगलबंदी आहे. तुम्हालाही वाटायचं. "हा नसता तर माझं म्हणणं मऊ राहिलं असतं," असं तुम्ही तिला सांगितलंत तेव्हा मी प्रिंटरमध्ये कागद भरत होतो, आणि बराच वेळ भरत राहिलो.

एक शनिवार तर फारच वाईट गेला. म्हणजे तुमचा फार चांगला. माझेच फोटो स्क्रीनवर एकाशेजारी एक लावून तुम्ही बसला होतात. एका जकात अधिकाऱ्याचे तीन शिक्के. तुम्ही बोट ठेवलंत, "ही रेघ कशाची रे? संताच्या खांद्यावर?"

मी बघितलं. केसाएवढी बारीक, वर उठलेली रेघ. सांडशीच्या जबड्यालाच तडा गेला असला, की शिसं त्या तड्यात शिरतं आणि शिक्क्यावर अशी रेघ उठते. पहिल्या शिक्क्यावर ती खांद्यापाशी थांबली होती. दुसऱ्यावर गळ्यापर्यंत. तिसऱ्यावर पार डोक्यामागच्या वलयात. ताई, तडा कसा वाढतो हे बघण्याचाच मला पगार मिळतो. मला काही समजावून सांगायची गरज नव्हती. एकच सांडशी, एकच माणूस, मध्ये मध्ये वेळ गेलेला, तीन वेगवेगळी पत्रं, आणि तिन्ही एकाच डब्यात. बाजारात ठिकठिकाणचा माल गोळा होऊन असं जमून यावं ही शक्यता किती, ते मला त्या क्षणी कळलं.

तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. "बोल की. एकाच गावाला तीनदा लिहिलं ना याने?"

"योगायोग असू शकतो," मी म्हणालो.

"काहून रे असा करून राहिला?" तुम्ही खुर्ची मागे सारलीत, पण रागावला नव्हतात, तुमचे डोळे चमकत होते. "तीनदा लिहावं लागलं याचा अर्थ समजला का? म्हणजे ज्याला लिहिलं तो पठ्ठ्या उत्तरच देत नव्हता. तुझ्यासारखा घुम्या असेल. तुझा पूर्वजच तो!"

आणि तुम्ही त्या नसलेल्या गावात त्या घुम्या माणसाला वसवून टाकलंत. पुढे कधी मी फोन उचलला नाही की तुमचा मेसेज यायचा, 'जकात खात्याचं दुसरं पत्र.' मग 'तिसरं आणि शेवटचं.' ते मेसेज अजून आहेत माझ्याकडे. वाचले की मला हसू येतं. खरंच येतं.

तुमच्या आजारपणात मी एका रविवारी सकाळी मुद्दाम सांगायलाच आलो होतो. रेवाने बागेतली खुर्ची तुमच्यासाठी खिडकीत आणून ठेवली होती. तुम्ही शालीत, केस अगदी बारीक, आणि मांडीवर त्या तीन शिक्क्यांचे फोटो. मी बसलो. गळा साफ केला. तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, "हं, काढ. आज कोणता मुद्दा आणला?"

"ताई, आज मुद्दा नाही..."

"मुद्दा नाही? मग आलास कशाला? सगळे येतात नि मला हो हो म्हणतात. डॉक्टर हो म्हणते, रेवा हो म्हणते. तू तरी भांड रे बाबा."

मग मी भांडलो. त्या तड्याच्या मुद्द्यावर काहीतरी अगदी फालतू शंका काढली. तुम्ही ती अशी उडवलीत की तुम्हाला धाप लागली आणि रेवाने दारातून मला डोळे वटारले. निघताना तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "अजून मानत नाहीस ना? बरंय. मानू नकोस इतक्यात." मी जिना उतरलो. तुमच्या आनंदासाठी गप्प राहिलो, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं भित्रेपण.

तुम्ही गेल्यावर रेवाला सांगितलं. तिला तबेल्यापाशी भेटलो, ती एका घोडीचा पाय तपासत होती. घोड्यांची डॉक्टर झालेली तुमची लेक गुडघ्यापर्यंत चिखलात उभी, आणि मी तिला चमचाभर मातीची गोष्ट सांगतोय. सगळं सांगितलं. काड्या, सिंक, 'फारशी', त्यानंतरची सगळी वर्षं. तिने घोडीचा पाय खाली ठेवला.

"वेट, दॅट्स इट? काका, आय थॉट यू वेअर गोइंग टू से समथिंग टेरिबल."

"हे टेरिबलच आहे, रेवा."

"इट्स डर्ट, काका." मग माझा चेहरा बघून तिने हातमोजा काढला आणि माझ्या पाठीवर थाप मारली, घोडीला मारतात तशीच. "शी हॅड सो मच फन विथ यू. आई वुड'व्ह लाफ्ड."

नाही, ताई. तुम्ही हसला नसतात.  तुम्ही आधी चष्मा काढून टेबलावर ठेवला असतात, आणि मग मला नागपुरी भाषेत असं काही सुनावलं असतंत की मेगन पुन्हा बघायला आली असती. दोन शनिवार माझ्याशी बोलला नसतात. तिसऱ्या शनिवारी जेवणाचा डबा आणला असतात, पण माझ्यापुढे आदळला असतात. मला ते सगळं हवं होतं. घरी बायकोला, अनघाला, सांगितलं, ती म्हणाली मनाला लावून घेऊ नकोस. मेगनला सांगितलं, ती म्हणाली पूर्वी सगळेच धुवायचे, त्या इंजिनिअरच्या बायकोनेही किचनमध्ये थोडे धुतले असतील. सगळ्यांनी मला माफ केलं. कारण काय गेलं हे त्यांना कळलेलंच नाही. ज्यांना कळलं असतं त्या तुम्ही, आणि तुम्हाला मी कळू दिलं नाही. माझ्यावर नीट रागावू शकेल असं एकच माणूस होतं.

हे एकदा असं सरळ लिहिल्यावर मला जरा बरं वाटतंय, हेही सांगतो. हलकं नाही म्हणणार, पण बरं. शनिवारी मी अजून जातो. तुमची खुर्ची मेगनने हलवलेली नाही, मी तिच्यावर दप्तर ठेवतो. खिडकीबाहेरचं पालो वर्देचं झाड यंदा पिवळंधमक फुललंय. मी फोटो काढतो, अक्षरं लावतो, आणि अडलं की मोठ्याने विचारतो. उत्तर येत नाही, तरी विचारताना प्रश्न नीट मांडावा लागतो, तुम्ही तसं वळण लावलंय. वयाच्या पन्नाशीत कुणीतरी आपल्याला नव्याने विद्यार्थी करावं, असं नशीब किती जणांचं असतं? माझं होतं.

गेल्या महिन्यात मेगनने कॅटलॉगचं काम काढलं. तो आता सगळ्या जगाला इंटरनेटवर बघता येणार. डब्याची नोंद लिहायचं माझ्याकडे आलं. मी तुमचं म्हणणं सगळ्यात वर घातलं, तुमच्या नावाने: हे शिक्के बहुधा एकाच ठिकाणी सापडले असावेत, एकाच अधिकाऱ्याच्या तीन शिक्क्यांवरचा वाढत गेलेला तडा बघा. त्याखाली लिहिलं की तड्याच्या अभ्यासात मी आयुष्य घालवलं आहे आणि मला हे म्हणणं पूर्ण पटतं. मान्य केलं, ताई. छापील मान्य केलं. आणि त्याखाली लिहिलं की भोकांमधली माती मिलिंदने, म्हणजे मी, काढून फेकली, न विचारता, आणि विचारल्यावर खरं सांगितलं नाही. त्यामुळे या म्हणण्याची पक्की खात्री करण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आता बंद आहे.

मेगनने वाचलं. "नाव घालायलाच हवं का? 'सफाईच्या वेळी माती निघून गेली' एवढं पुरे होईल. आणि ते खोटं बोलल्याचं तर कुणी लिहीत नाही."

"माती आपली आपण निघून जात नाही, मेगन," मी म्हणालो. तिने खांदे उडवले आणि तसंच ठेवलं.

नोंद आता वर चढली आहे. अजून तरी कुणी बघितलेली नाही, आपल्या दोघांच्या धंद्याला गर्दी कुठे असते! पण कधीतरी, कुठल्यातरी देशातल्या कुठल्यातरी गावी, तुमच्यासारखी एखादी बाई तिथपर्यंत येईल. रात्रंदिवस जिल्ह्यांच्याच मागे असलेली. तुमचं म्हणणं वाचून ती खुर्चीत सरळ होईल, तिन्ही फोटो मोठे करून बघेल, ती रेघ खांद्यावरून वर वर जाताना बघून हरखेल, आणि खालची ओळ वाचून कपाळाला हात लावेल. आणि तिच्या भाषेत मला एक सणसणीत शिवी हासडेल. त्या शिवीची मी वाट बघतोय, ताई, अगदी मजेत. ती आली की समजेन, तुमच्या गावात कुणीतरी पोचलं.